शिडाच्या बोटीच्या केबिनमधल्या गाद्यांना कापड कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३० फुटी जुनी शिडाची बोट घेतली आहे, गेटवेसमोर मोरिंगवर, म्हणजे समुद्रातच बांधलेली असते. केबिनमधल्या गाद्यांच्या खोळी सुती कॅनव्हासच्या आहेत, त्यांवर काळे ठिपके पडलेत आणि आत शिरलं की कुबट वास येतो. परदेशी बोटवाले सांगतात की सनब्रेलाच (बोटींसाठी वापरतात ते ॲक्रिलिकचं कापड) घ्या. तुमचा सोफावाला म्हणतो रेक्झिन टाका, पुसलं की झालं. आणि रघुवंशी मिलमधल्या एका दुकानात तुम्हाला सोफ्याचं पॉलिएस्टर आवडलं आहे. यातलं काय घ्यावं, जुना फोम चालेल का आणि रंग कोणता, हे तुम्हाला हवं आहे.

आधी उत्तर देतो. तुम्हाला आवडलेलं पॉलिएस्टर घ्या, पण त्याची पाठ बघून. पाठीवर रबराचा किंवा फोमचा थर असेल तर ते सोडून दुसरं शोधा. आणि कापड निवडायला जेवढा वेळ द्याल तेवढाच फोमला आणि गादीच्या तळाला द्या. मुंबईत केबिनमधल्या गाद्या खराब होतात त्या वाळत नाहीत म्हणून. ऊन हे इथे दुय्यम कारण आहे. त्यामुळे कुठलाही नमुना हातात घेतला की मी एकच प्रश्न विचारतो: हे भिजलं तर किती वेळात वाळेल, आणि काढून धुता येईल का?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते मिठामुळे. समुद्राचं पाणी सुकलं तरी मीठ धाग्यांत आणि फोममध्ये राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते आणि बंद केबिनमध्ये त्याहून जास्त. म्हणजे मीठ बसलेली गादी पावसाळाभर आपोआप ओली होत राहते, तिच्यावर पाण्याचा थेंब पडला नसला तरी. तुम्ही ती पंख्याखाली ठेवा, हीटर लावा, तेवढ्यापुरती सुकेल आणि दोन दिवसांनी पुन्हा चिकट लागेल. त्यावर उपाय एकच, गोड्या पाण्याने मीठ काढून टाकणं. म्हणून खोळ निघणारी हवी आणि कापड वारंवार धुणं सोसणारं हवं.

परदेशातले सल्ले वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. थंड समुद्रात बोटीचं अंग थंड असतं, आतल्या उबदार हवेतली वाफ त्यावर धरते आणि गादीच्या खाली पाणी साठतं. त्यांचे निम्मे सल्ले त्या पाण्यासाठी असतात. आपल्याकडे समुद्र कोमट, त्यामुळे बोटीच्या अंगाला तसा घाम येत नाही. आपली अडचण कोंडलेल्या दमट हवेची. शिवाय ते लोक सनब्रेला सुचवतात ते मुख्यतः उन्हासाठी, आणि केबिनच्या आत ऊन येतं ते हॅचखालच्या (छतातल्या झडपेखालच्या) आणि खिडकीलगतच्या पट्ट्यात तेवढं.

आता कापडांकडे येऊ. धागा हवेतून किती ओल धरतो याचे ठरलेले आकडे आहेत. सामान्य हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतं, नायलॉन ४ टक्के, ॲक्रिलिक दीड टक्का, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी आणि पॉलिप्रॉपिलीन जवळपास शून्य. तुमच्या कॅनव्हासला बुरशी का आली ते यातच आहे. सूत ओल धरतं आणि बुरशीला खायलाही मिळतं. ताग आणि लिनन यांचंही तेच. अंगाला सुती बरं लागतं हे खरं, मी ते नाकारत नाही. त्यासाठी खोळ कृत्रिम धाग्याची ठेवा आणि झोपताना वर सुती चादर अंथरा. रविवारी मांडव्याहून परतलात की चादर पिशवीत घालून घरी न्या. घाम, सनस्क्रीन, वडापावचं तेल, पोहून आलेल्या पोरांच्या अंगचं खारं पाणी, हे सगळं चादरीवर जाईल आणि खोळ मोसमभर नीट राहील.

ॲक्रिलिकबद्दल. सनब्रेलासारख्या कापडात रंग धागा तयार होतानाच त्याच्या आत मिसळलेला असतो, वरून चढवलेला नसतो. त्यामुळे तो उन्हात उडत नाही आणि पातळ केलेल्या ब्लीचनेही धुता येतो. कापड उत्तम आहे यात शंका नाही. पण केबिनच्या आत त्या गुणाचे पैसे वाया जातात आणि आयात माल आपल्या बाजारातल्या चांगल्या पॉलिएस्टरच्या कितीतरी पट महाग पडतो. दुसरं म्हणजे याच नावाखाली छत्रीचं आणि कॅनपीचं कडक कापडही मिळतं. ते गादीला लावलं तर अंगाला टोचतं. घ्यायचंच असेल तर बसण्यासाठी विणलेला मऊ प्रकार मागा. तुमच्या बोटीत कॉकपिटच्या, म्हणजे वरच्या उघड्या बैठकीच्या उशा असतील, किंवा एखादी गादी सतत वर-खाली होत असेल, तर तेवढ्यापुरतं ॲक्रिलिक घ्या. तिथे ते पैसे वसूल होतात.

काचेआडच्या उन्हात पॉलिएस्टर चांगलं टिकतं, कारण त्याला सर्वाधिक त्रास देणारे किरण काच अडवते. म्हणून खिडकीजवळच्या पट्ट्याची फार काळजी करू नका. बोट उभी असताना पडदा ओढलेला असला की पुरे.

रेक्झिनला माझा स्पष्ट नकार आहे, निदान झोपायच्या गाद्यांसाठी. एप्रिलच्या दुपारी उघड्या पाठीने त्यावर आडवं होऊन बघा, घामाने पाठ चिकटते. त्याहून वाईट म्हणजे शिवणीच्या भोकांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून पुसून लख्ख केलेली गादी आतून ओलीच राहते. स्वस्त रेक्झिनच्या पाठीला सुती जाळी असते, ती काळी पडते, आणि काही वेळा वरच्या बाजूला गुलाबी डाग उमटतात. ते सूक्ष्म जिवांनी सोडलेल्या रंगाचे असतात आणि साबणाने जात नाहीत. रेक्झिनची जागा कॉकपिटमध्ये, तीही पाणी न शोषणाऱ्या बंद पेशींच्या फोमवर. ‘पीयू लेदर’ म्हणून जे विकतात त्याच्या तर वाटेलाही जाऊ नका. दमट हवेत त्याचा वरचा थर विघटित होऊन पापुद्रे सुटतात. मुंबईत ज्यांच्या घरी असा सोफा होता त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मखमल आणि शनील दिसायला सुंदर, पण लव जाड असल्यामुळे मीठ आणि बारीक रेती धरून ठेवतात आणि सावकाश वाळतात. कृत्रिम स्वेड त्यापेक्षा बरं आहे, लवकर वाळतं आणि उघड्या अंगाला छान लागतं. तेलाचे डाग मात्र त्यावर पटकन दिसतात. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ घेतच नाही, पण उन्हापासून संरक्षण मिसळलेलं नसेल तर झिजतं, आणि त्याला इस्त्री लावायची नाही.

म्हणून माझी पहिली पसंती: घट्ट विणीचं, किंचित खरबरीत, पाठ उघडी असलेलं, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचं पॉलिएस्टर. खरबरीत एवढ्यासाठी की शिडाची बोट वाऱ्यात १५-२० अंश कलते. गुळगुळीत कापडावर माणूस घसरत खालच्या बाजूला जातो आणि गादीही फळीवरून सरकते. दुकानात झिजेची चाचणी किती, हे विचारा. मार्टिनडेल या घासून बघायच्या चाचणीत ३०,००० घासण्यांच्या पुढे टिकणारं कापड घरच्या सोफ्याला जड वापराचं धरतात, बोटीला ते पुरतं. लाखाचा आकडा दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. बोटीची गादी घासून फाटण्याच्या खूप आधी ओलीने जाते.

आता पाठ. आपल्याकडे सोफ्याच्या बऱ्याच कापडांना मागून पांढरा लेप किंवा न विणलेल्या कापडाचा थर लावलेला असतो. त्यामुळे कापड जड वाटतं, शिवताना सुटत नाही, शिवणाऱ्याला सोपं जातं. पण हा थर हवा अडवतो, आणि काही धुण्यांनंतर त्याचा भुगा होऊन फोमभर पसरतो. नमुना उलटा करा, दुमडून नखाने घडी दाबा, मग दोन बोटांत घासा. पांढरी पूड आली किंवा घडीवर चीर दिसली तर परत ठेवा. उघड्या पाठीचं कापड तोंडाशी धरून फुंकर मारली की पलीकडच्या हाताला हवा लागते. ही फुंकर दुकानदारासमोरच मारून बघा.

नमुना घरी आणलात की आणखी एक चाचणी करा, आणि ती खरंच करा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे साधारण समुद्राइतकं खारं होईल. वीतभर लांबीचे दोन तुकडे त्यात तासभर बुडवा. एक तसाच पिळा, दुसरा नळाखाली खळखळून धुऊन पिळा. दोन्ही रात्रभर बाथरूममध्ये दार लावून टांगा. सकाळी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. धुतलेला तुकडा कोरडा लागला पाहिजे. न धुतलेला थोडा चिकट लागेल, पण तो ओलाकच्च असेल तर कापड पाणी धरून ठेवणारं आहे. मग पांढरा रुमाल ओला करून त्यावर जोरात घासा, रंग उतरतो का ते कळेल. मंगळदास मार्केटपासून रघुवंशीपर्यंत बहुतेक दुकानदार मागितलं तर चार-सहा इंचांचा नमुना देतात. चाचणीला तो अपुरा वाटला तर पाव मीटर विकत घ्या.

जुना फोम तुम्ही ठेवू नका. ज्या फोमला वास आहे त्यात मीठ आणि बुरशी दोन्ही आहेत, आणि त्यावर नवी खोळ चढवली तर महिन्याभरात तिलाही तोच वास येईल. फोम पिवळा पडला असेल तर बिघडत नाही. पण दाबून सोडल्यावर वर येत नसेल किंवा कडेने भुगा होत असेल तर त्याचं आयुष्य संपलं. नवा घेताना घनता विचारा. ३२चा फोम पाठीच्या उशांना ठीक, बसायला आणि झोपायला ४०चा घ्या. हा आकडा घनमीटरमागे किलोचा आहे आणि आपले फोमवाले तो सरळ ‘चाळीस डेन्सिटी’ असाच बोलतात. जाडी ४ इंच. त्याहून कमी असेल तर कुशीवर झोपल्यावर खालची फळी खांद्याला लागते. फोम खोळीच्या मापापेक्षा सगळीकडून पाव ते अर्धा इंच मोठा कापून घ्यायचा, म्हणजे खोळ ताठ बसते. वर पॉलिएस्टरच्या वॅडिंगचा (कापसासारख्या भरणीचा) पातळ थर गुंडाळला की कोपरे भरलेले दिसतात.

फोम ताठ खोळीत घालायला कारागीर बरेचदा त्याला पॉलिथिन गुंडाळतात, म्हणजे तो घसरत आत जातो. युक्ती चांगली आहे, पण गादी भरून झाली की ते प्लास्टिक ओढून बाहेर काढलंच पाहिजे. ते आत राहिलं तर तुम्ही निवडलेल्या कापडाला काही अर्थ उरत नाही. गादी परत घेताना चेन उघडून हात घालून बघा.

तळाला महागडं कापड लावू नका. तिथे पॉलिएस्टरची जाळी लावा, ज्यातून हवा खेळते. पैसेही वाचतात आणि गादी खालून वाळते. गादीखालची फळी सपाट प्लायची असेल तर तिच्यात इंच-दीड इंचाची भोकं पाडा. मात्र ती फळी बोटीच्या बांधणीचा भाग असेल तर तिला हात लावू नका. नुसतं झाकण असेल तरच भोकं पाडा. भोकं पाडायची नसतील तर बाथरूममध्ये टाकतात तशी आरपार जाळीची प्लास्टिक मॅट फळीवर अंथरा. अर्धा इंच हवा मिळाली तरी फरक जाणवतो.

शिवणकामाचं थोडक्यात. दोरा पॉलिएस्टरचाच हवा. सुती दोरा खाऱ्या ओलीत कुजतो आणि कापड धड असताना शिवण उसवते. दोऱ्याचं टोक जाळून बघा: सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून टोकाला टणक मणी बनतो. चेन प्लास्टिकच्या दात्यांची किंवा नायलॉनची घ्या, आणि तिचा धावताही प्लास्टिकचाच मागा, कारण रंगवलेला धातूचा धावता पहिल्याच पावसाळ्यात गंजून अडकतो. चेन मागच्या पूर्ण बाजूला आणि दोन्ही कोपऱ्यांवरून चार-पाच इंच पुढे आली पाहिजे. आखूड चेन लावली की फोम बाहेर काढताना खोळ फाटते, मग मालक खोळ धुणंच टाळतो. पाइपिंग, म्हणजे कडेच्या शिवणीतली दोरीची गोट, मी झोपायच्या गादीला टाळतो. ते अंगाला रुततं, सगळ्यात आधी झिजतं आणि आतली सुती दोरी पाणी ओढते. बटणं नकोतच, त्यांचे गंजाचे डाग निघत नाहीत. पाठीच्या उशा वेल्क्रोने धरायच्या असतील तर खरखरीत बाजू लाकडाला आणि मऊ बाजू उशीला, म्हणजे धुताना खोळीचं कापड ओरखडत नाही.

माप घेताना सगळा घोळ होतो तो पुढच्या तिकोनी बर्थवर. तिथे बोटीचं अंग वरच्या बाजूला फाकत जातं, त्यामुळे गादीचा वरचा भाग तळापेक्षा मोठा असतो आणि बाजू तिरकी कापावी लागते. वर्तमानपत्राचा साचा काढू नका, दमट केबिनमध्ये तो सैल होतो. जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, फळीवर पसरा, कडेने मार्करने रेघ ओढा, मग त्याच जागी ४ इंच वर, म्हणजे गादीच्या वरच्या बाजूच्या उंचीवर, दुसरी रेघ. प्रत्येक साच्यावर डावी की उजवी, वरची बाजू कोणती आणि पुढचं टोक कुठे, हे तिथल्या तिथे लिहा. डावी-उजवी एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात आणि साचा उलटा पडला तर कापड गेलंच.

कापड किती लागेल याचा अंदाज देतो. सोफ्याचं कापड बहुधा ५४ इंच पन्ह्याचं असतं. समजा बसायच्या दोन गाद्या ७५ बाय २४ इंचांच्या, ४ इंच जाड. शिवणीसकट वरचा तुकडा ७६ बाय २५ इंचांचा होतो आणि असे दोन पन्ह्यात शेजारी शेजारी बसतात, म्हणजे २ मीटरमध्ये दोन्हींचे वरचे भाग निघतात. बाजूच्या ५ इंची पट्ट्यांना दोन्ही मिळून मीटर-सव्वा मीटर लागतं. तळाला जाळी असल्याने एवढ्यात काम होतं, सव्वातीन मीटरमध्ये. पाठीच्या उशा आणि तिकोनी बर्थ धरून तुमच्या बोटीला साधारण ८ ते १० मीटर लागावं. पट्ट्यांचं डिझाइन घेतलंत तर ते जुळवण्यात आणखी जाईल, आणि तिकोनी बर्थवर ते जुळतच नाही. वर एक मीटर जास्त घ्या, त्याच थानातला. पुढच्या वर्षी त्याच नंबरचं कापड मिळेलही, पण दुसऱ्या लॉटचा रंग शेजारी ठेवला की वेगळा दिसतो.

आगीचं कोणी विचारत नाही, पण मी प्रत्येकाला सांगतो. फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो आणि केबिनमधून पटकन बाहेर पडणं अवघड. ॲक्रिलिक पटकन पेट घेतं, पॉलिएस्टर वितळतं आणि आग फोमपर्यंत पोचते. शेगडीजवळच्या गादीला आग-प्रतिबंधक फोम मागून घ्या, आणि रात्री नांगर टाकून झोपताना डासांची अगरबत्ती केबिनमध्ये गादीवर किंवा तिच्या शेजारी कधीही लावू नका.

रंग मध्यम छटेचा घ्या. गडद निळा बोटीला शोभतो असं सगळ्यांना वाटतं, पण त्यावर मिठाचे पांढरे चट्टे आणि प्रत्येक केस दिसतो. पांढऱ्यावर चहा दिसतो. वाळूचा, राखाडी-हिरवा, किंवा दोन-तीन छटांचे धागे मिसळून विणलेला रंग डाग सांभाळून घेतो, आणि खिडक्या लहान असल्यामुळे फिक्या छटेने केबिन उजळतं.

बोट मे अखेर वर काढाल तेव्हा गाद्या तिच्यात ठेवू नका. खोळी काढून गोड्या पाण्यात भिजवा, पाणी खारट लागेनासं होईपर्यंत बदला, सावलीत वाळवा. फोमवर खारं पाणी सांडलं असेल तर तोही नळाखाली दाबून दाबून धुवा आणि जूनचा पाऊस सुरू होण्याआधी उन्हाबाहेर वाऱ्यावर पूर्ण सुकवा. घरी जागा कमी असेल तर गाद्या पलंगामागे कडेवर उभ्या करून ठेवा, मध्ये बोटभर फट सोडून. प्लास्टिकमध्ये बांधू नका, वरून जुनी सुती चादर टाका.

नवं काम पुढच्या मोसमाला हवं असेल तर साचे मेमध्येच, बोट पाण्यात असताना काढा. पावसात कारागिरांना घरगुती काम कमी असतं, ते निवांत शिवतात, आणि सप्टेंबरमध्ये तयार गाद्या हातात येतात.